चिंता, मेंदू आणि हाताचे कौशल्य



बँकेच्या खिडकीपाशी अधूनमधून दिसणारे एक दृश्य आपणा सर्वांच्या परिचयाचे असेल. निवृत्तिवेतन घेण्यास आलेले एखादे वृद्ध गृहस्थ कागदावर सही करतात. खिडकीपलीकडील कारकून ती दप्तरातील नमुन्याशी ताडून पाहतो आणि "सही जुळत नाही, पुन्हा करा" असे सांगतो. गृहस्थ पुन्हा सही करतात, या वेळी अधिक काळजीपूर्वक. आणि ती पहिलीपेक्षाही वेगळी येते. तिसऱ्या खेपेस तर आपल्याच नावातील एखादे अक्षर कोठे वळवावे हेच त्यांना उमगेनासे होते. मागे रांग वाढलेली असते, कपाळावर घाम आलेला असतो. वयपरत्वे हात थोडा कापत असेल हे खरे. पण घरी परतताना किराणा दुकानाच्या वहीत तेच गृहस्थ सहजपणे जी सही करतात, ती मात्र नमुन्याबरहुकूम असते.

हात तोच, लेखणी तीच, नावही तेच. मग त्या खिडकीपाशी बिघडले काय? "घाबरल्यामुळे हात चुकला" हे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. परंतु भीतीचा आणि हाताचा संबंध नेमका कोठे व कसा जडतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आजच्या व्याख्यानात त्याचाच विचार करावयाचा आहे. प्रथम आपला मेंदू हालचालींचे कौशल्य कसे आत्मसात करतो ते पाहू. नंतर चिंतेच्या वेळी मेंदूत काय घडते ते पाहू. आणि शेवटी, जे शिकतात व जे शिकवतात त्यांना यातून काय घेता येईल याचा विचार करू.

सायकल चालविणे, टंकलेखन, तबल्यावरील बोल, सुईत दोरा ओवणे, शस्त्रक्रियेतील टाका घालणे ही सर्व हालचालींची कौशल्ये होत. त्यांचे एक वैशिष्ट्य असे, की ती येणे निराळे आणि ती सांगता येणे निराळे. उत्तम सायकल चालविणाऱ्यास "तोल कसा सांभाळता?" असे विचारल्यास त्याला समाधानकारक उत्तर देता येत नाही. या भेदाचा एक विलक्षण पुरावा वैद्यकाच्या इतिहासात नमूद आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतील एका तरुणावर अपस्माराच्या विकारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करण्यात आली आणि तीनंतर नव्या घटना स्मरणात ठेवण्याची त्याची शक्ती जवळजवळ नष्ट झाली. हेन्री मोलेसन हे त्याचे नाव २००८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच जगाला कळले. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्याचे काम दिले. आरशात दिशा उलट दिसत असल्यामुळे हे काम प्रारंभी कोणालाही अवघड जाते. तीन दिवसांच्या सरावात त्याचा हात स्पष्टपणे सुधारत गेला. मात्र आपण हे काम पूर्वी कधी केले आहे, हे त्याला दर दिवशी मुळीच आठवत नसे. हाताची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळली जाते, हे यावरून दिसून आले.

कौशल्य कसे मुरत जाते याचे एक उपयुक्त वर्णन पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये केले. त्यांनी तीन अवस्था मानल्या. पहिलीत शिकणारा विचार करकरून हालचाल करतो: हँडल सरळ, नजर पुढे, पाय थांबवायचा नाही. दुसरीत चुका कमी होत जातात आणि सुट्या हालचाली एकमेकींत मिसळू लागतात. तिसरीत हालचाल आपोआप घडते आणि मन दुसऱ्या कामास मोकळे होते. सायकल चालविता चालविता माणूस गप्पा मारू शकतो. पहिल्या अवस्थेत कपाळामागील भागाचा, म्हणजे पूर्वललाट बाह्यकाचा, मोठा वाटा असतो. लक्ष एकवटणे, सूचना ध्यानी धरणे, योजना आखणे ही त्याची कामे. सराव वाढतो तसा हा भार मेंदूच्या अंतर्भागातील पेशीपुंजांकडे आणि निमस्तिष्काकडे, म्हणजे लहान मेंदूकडे, सरकत जातो. झालेली चूक हीच निमस्तिष्काची शिकवणी असते. अपेक्षित हालचाल आणि प्रत्यक्ष हालचाल यांतील तफावत त्याला कळते आणि त्यानुसार पेशींमधील जोडण्या किंचित बदलतात, ही कल्पना डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये आणि जेम्स आल्बस यांनी १९७१ मध्ये मांडली. जपानमधील मासाओ इतो यांनी पुढे तिला प्रयोगांचा आधार दिला.

येथे निद्रेचाही उल्लेख केला पाहिजे. २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्याच्या प्रयोगात दाखवून दिले, की सरावानंतर रात्रीची झोप मिळाल्यावर हाताचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. तेवढाच काळ जागेपणी गेल्यास अशी वाढ दिसत नाही. दिवसा शिकलेले रात्री पक्के होते, हा जुन्या माणसांचा अनुभव प्रयोगशाळेतही खरा ठरला.

आता चिंतेकडे वळू. संकटाच्या वेळी शरीर लढण्यास अथवा पळण्यास सिद्ध होते, हे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मधील आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. मेंदूत याची सुरुवात करण्यात बदामाच्या आकाराचा एक पेशीपुंज महत्त्वाचे काम करतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. त्याचा इशारा हायपोथॅलॅमसकडे जातो. तेथून निघालेल्या आज्ञेने मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन आणि थोड्या वेळाने कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, तळहातांना घाम येतो. त्याच वेळी मेंदूच्या देठात असलेला लोकस सेरुलियस, म्हणजे 'निळी जागा', या नावाचा लहानसा पेशीपुंज मेंदूभर नॉरॲड्रेनलिन पसरवितो. हे द्रव्य बेताचे असेल तर पूर्वललाट बाह्यकाचे काम सुधारते. अति झाले तर त्या भागाची पकड सुटते आणि मेंदूचा कारभार अधिक जुन्या, अधिक ढोबळ यंत्रणांच्या हाती जातो. अमेरिकी शास्त्रज्ञ एमी आर्न्स्टन यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून हे स्पष्ट केले आहे.

म्हणून "चिंता वाईट" असे सरसकट विधान करता येत नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काळ्या व पांढऱ्या पेट्यांतील फरक उंदरांनी ओळखावयाचा होता. चुकल्यास विजेचा झटका बसे. फरक ओळखणे सोपे होते तेव्हा झटका जितका तीव्र, तितके शिकणे लवकर झाले. परंतु फरक ओळखणे कठीण केले, तेव्हा मध्यम झटकाच उपयोगी पडला आणि तीव्र झटक्याने शिकणे लांबले. या प्रयोगाचा उल्लेख करताना त्यातील दुसरा भाग पुष्कळदा गाळला जातो. वस्तुतः शिकविणाऱ्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे: काम जितके कठीण, तितकी भीती कमी असावयास हवी.

हे सर्व ध्यानात घेतले म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाकडे परतता येते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. चिंता हातातील बळ हिरावून घेत नाही. ती लक्षाची जागा बदलते. नवशिक्याला लक्षाची नितांत गरज असते, आणि चिंता ते पळविते. मुरलेल्याला हालचालीकडे लक्ष देण्याची गरज उरलेली नसते, आणि चिंता ते बळेच तेथे आणून बसविते. कारण एकच, परिणाम मात्र परस्परविरुद्ध.

प्रथम नवशिक्याचा विचार करू. नेदरलँड्समधील रॉब पाइपर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चढाईच्या कृत्रिम भिंतीवर नवख्या लोकांना आडवे सरकावयास लावले. भिंतीवरील खुंट्यांची मांडणी अगदी एकसारखी होती. फरक इतकाच, की एक वाट जमिनीलगत होती आणि दुसरी बरीच उंचावर. काम तेच असूनही उंचावरील वाटेवर लोकांना अधिक वेळ लागला. त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, हालचाली ताठर झाल्या आणि खुंट्या चाचपण्यात त्यांचे अनेक प्रयत्न खर्ची पडले. हातपाय तेच होते. पण लक्षाचा मोठा भाग 'पडलो तर?' या विचाराने व्यापला होता. स्कूटर शिकणारी एखादी मुलगी समोरून ट्रक येताच हँडल घट्ट आवळते, तेव्हा हेच घडत असते. हाताला वाकविणारे आणि सरळ करणारे स्नायू एकाच वेळी ताणले जातात. ताठरलेल्या हाताला बारीक दुरुस्ती करता येत नाही, आणि बारीक दुरुस्ती हाच तर शिकण्याचा आत्मा. शिवाय चूक ही निमस्तिष्काची शिकवणी आहे हे आपण पाहिलेच. ज्याला चुकीची भीती घातली जाते तो चूक टाळण्यासाठी हालचालच आखडती घेतो आणि शिकण्याची सामग्रीच गमावतो. त्यात रात्रीची झोप उडाली, तर दिवसाचा सरावही पुरता पक्का होत नाही.

आता मुरलेल्या माणसाकडे पाहू. कसलेल्या खेळाडूची कामगिरी मोक्याच्या क्षणी का ढासळते, याविषयी रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ मध्ये असे प्रतिपादन केले, की दडपणाखाली माणसाचे लक्ष स्वतःच्या हालचालीकडे वळते आणि आपोआप चालणारी क्रिया विस्कटते. सियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॉल्फच्या खेळात याची पडताळणी केली. काठीच्या फटक्याकडे बारकाईने लक्ष द्या, असे सांगितल्यावर नवशिक्यांचा खेळ सुधारला, तर अनुभवी खेळाडूंचा बिघडला. रिचर्ड मास्टर्स यांनी १९९२ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी एका गटाला गॉल्फच्या फटक्याचे नियम देऊन शिकविले. दुसऱ्या गटाला नियम न देता, सराव करतानाच मनास येतील ती अक्षरे मोठ्याने उच्चारावयास लावले. हेतू हा, की मनात नियम रचण्यास त्यांना सवडच मिळू नये. पुढे दोन्ही गटांवर दडपण आणले गेले. नियम घोकलेल्यांची प्रगती तेथे खुंटली. नियमांवाचून शिकलेल्यांची मात्र चालू राहिली. दडपणाखाली माणूस नियम आठवू लागतो. आठवावयास नियमच नसतील, तर हात मोकळा राहतो.

मेंदूच्या विद्युत्लहरींतही याची खूण सापडते. १९८४ मध्ये ब्रॅडली हॅटफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलेल्या नेमबाजांच्या मस्तकाला विद्युदग्रे लावून नोंदी घेतल्या. चाप ओढण्यापूर्वीच्या काही सेकंदांत मेंदूच्या डाव्या बाजूस अल्फा लहरी वाढतात, असे त्यांना दिसले. या लहरींचे वाढणे हे त्या भागाच्या विसाव्याचे लक्षण मानले जाते. आणि शब्दांचा, स्वतःशी बोलण्याचा कारभार बहुतेकांच्या मेंदूत डावीकडेच चालतो. नेमबाजाच्या मनातील निवेदक जणू त्या क्षणी गप्प बसतो.

या संदर्भात ११ ऑगस्ट २००८ या दिवसाची आठवण होते. बीजिंग येथील ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत अखेरची गोळी शिल्लक असताना अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचे हेन्री हॅकिनेन यांचे गुण समान होते. या प्रकारात दहा गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. हॅकिनेन यांची गोळी ९.७ वर गेली आणि त्यांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. बिंद्रा यांची १०.८ वर लागली आणि भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले. त्या क्षणी त्या दोघांच्या मेंदूत काय चालले होते हे कोणी मोजलेले नाही, आणि त्याविषयी तर्क करणे योग्य नव्हे. पण अर्ध्या मिलिमीटरच्या खेळात मनाची एक लहर केवढी किंमत मागू शकते, याचा अंदाज मात्र आपल्याला यावा.

मोबदला जितका मोठा, तितके काम चांगले, असा एक सर्वसाधारण समज आहे. आपल्याच देशात मदुराई परिसरातील ग्रामीण रहिवाशांसमवेत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याला धक्का दिला. डॅन एरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८७ जणांना काही खेळ खेळावयास दिले. त्यांत तिरप्या पाटावरील चक्रव्यूहातून गोटी नेण्यासारखे हाताच्या कौशल्याचे खेळही होते. प्रत्येक खेळासाठी कोणाला जास्तीत जास्त ४ रुपये, कोणाला ४०, तर कोणाला ४०० रुपये मिळणार होते. सर्व खेळांची मिळून सर्वांत मोठी रक्कम तेथील माणसाच्या कित्येक महिन्यांच्या खर्चाइतकी होती. चार आणि चाळीस रुपयांच्या गटांत विशेष फरक दिसला नाही; सर्वांत वाईट खेळ झाला तो चारशे रुपयांच्या गटाचा.

असे का व्हावे? विक्रम छिब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मेंदूचे चित्रण करून याचे उत्तर शोधले. मोबदल्याचा आकडा दाखविला, तेव्हा आकड्याच्या प्रमाणात मेंदूच्या अंतर्भागातील स्ट्रायेटम या पेशीपुंजाची क्रियाशीलता वाढली. परंतु प्रत्यक्ष हात चालविण्याची वेळ आली, तेव्हा मोठ्या मोबदल्याच्या वेळी तीच क्रियाशीलता घटली. आणि गमावण्याची धास्ती ज्यांना अधिक, त्यांच्यात ही घट अधिक दिसली. लाभाची आशा काम सुरू होताच हानीच्या भयात पालटते, असा याचा अर्थ लावण्यात आला. माकडांचीही हीच गत आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखविले, की क्वचितच मिळणाऱ्या अतिमोठ्या बक्षिसाच्या वेळी माकडे अतिसावध होतात आणि त्यांचा हात लक्ष्याच्या अलीकडेच थांबतो. २०२४ मध्ये त्याच संशोधकांनी मेंदूच्या हालचाल घडविणाऱ्या भागात त्याचे मूळ दाखविले. बक्षीस वाढते तशी हालचालीची पूर्वतयारी एका मर्यादेपर्यंत सुधारते, आणि त्यापलीकडे विस्कटते.

आता यातून घ्यावयाचा बोध. आपल्याकडे विद्या आणि छडी यांची जोडी फार जुनी आहे. नृत्य, वाद्यवादन, पोहणे, टंकलेखन, यंत्रशाळेतील काम, मोटार चालविणे ही सर्व शिकविताना धाक हे साधन अजूनही सर्रास वापरले जाते. धाकाने विद्यार्थी वेळेवर येईल, बसून राहील, सोपे काम भराभर उरकेल. परंतु कठीण हालचाल त्याला धाकाने येणार नाही. उलट हालचालीसोबत भीतीही शिकली जाईल आणि पुढे ती हालचाल करताना दरवेळी भीती हजर होईल. नवशिक्याला प्रथम चुकण्याची सुरक्षित जागा द्यावी; एका वेळी एकच सूचना द्यावी; आणि चूक झाली म्हणजे काय झाले हे शांतपणे दाखवावे.

सूचना कशी द्यावी यालाही महत्त्व आहे. गॅब्रिएले वुल्फ यांनी १९९८ मध्ये बर्फावरील घसरणीचे अनुकरण करणाऱ्या यंत्रावर लोकांना शिकविले. पायाकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायाखालील चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. हीच गोष्ट पक्षाघातानंतर पुन्हा चालावयास शिकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ध्यानी ठेवण्याजोगी आहे. त्याचे प्रत्येक पाऊल पडण्याच्या भीतीने वेढलेले असते. "गुडघा ताठ ठेवा, पंजा उचला, टाच टेकवा" अशी सूचनांची सरबत्ती घरातील चार माणसे चार बाजूंनी करतात, आणि तो बिचारा जागच्या जागी थिजतो. "त्या फरशीच्या रेषेवर पाऊल ठेवा" एवढे एकच वाक्य त्याला कदाचित अधिक साहाय्य करील. अर्थात कोणता व्यायाम करावा, हे उपचार करणाऱ्या तज्ज्ञानेच ठरवावयाचे असते.

मुरलेल्यांसाठी उपाय थोडा निराळा आहे. त्यांना दडपणापासून कायमचे दूर ठेवणे शक्य नाही आणि इष्टही नाही. राउल ऑडेयान्स आणि पाइपर्स यांनी आढळून आणले, की सौम्य चिंतेच्या परिस्थितीत सराव केलेल्यांची कामगिरी पुढे अधिक दडपणाखालीही टिकते. म्हणून परीक्षेपूर्वी चार परक्या माणसांसमोर एकदा वाजवून पाहावे, स्पर्धेपूर्वी प्रेक्षकांसमोर एकदा खेळून पाहावे. मात्र हे कौशल्य अंगवळणी पडल्यानंतर. आणि चिंता इतकी वाढली असेल की झोप, भूक व नित्याची कामे बिघडू लागली, तर तो सरावाचा प्रश्न उरत नाही. त्यासाठी वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

शेवटी पुन्हा त्या बँकेच्या खिडकीपाशी जाऊ. त्या वृद्ध गृहस्थांना "नीट सही करा" असे चौथ्यांदा सांगण्यात काही अर्थ नाही. ते आधीच वाजवीपेक्षा अधिक नीट करू पाहत आहेत. कारकुनाने त्यांना बाजूच्या बाकावर बसावयास सांगावे, घोटभर पाणी द्यावे, मुलाबाळांची चौकशी करावी, आणि बोलता बोलता कागद पुढे सरकवावा. बहुधा त्यांचा हात आपले काम बरोबर करील. ते काम त्याने चाळीस वर्षांपूर्वीच शिकून ठेवले आहे.